रणभूमीपासून अंगणापर्यंत

लखनौ शहरात गोमतीच्या उत्तरेस ‘महानगर’ नावाची एक वसाहत आहे. नाव ऐकून परमुलखातील माणसाच्या डोळ्यांसमोर एखादी अफाट नगरी उभी राहावी. प्रत्यक्षात ती नोकरदारांची व निवृत्त मंडळींची एक नेटकी वस्ती आहे. तिच्या एका अंगास प्रांतीय सशस्त्र पोलीस दलाच्या ३५ व्या वाहिनीचा तळ असल्याने कवायतीचे शब्द आणि बिगुलाचे सूर येथील रहिवाशांच्या कानांस सवयीचे झाले आहेत. या वसाहतीतून निघून निशातगंजचा पूल ओलांडला की थोड्याच अंतरावर सिकंदरबाग लागते. तेथून पश्चिमेकडे वळल्यास रेसिडेन्सीचे भग्नावशेष दिसतात आणि दक्षिणेकडे गेल्यास लष्करी छावणी येते. ही वाट तासाभराची. पण रणात पडलेल्या शिपायाच्या देहाचे पुढे काय होते, या प्रश्नाला गेल्या दोन शतकांत जी वेगवेगळी उत्तरे मिळाली, ती बहुतेक सारी या एका वाटेवर भेटतात.

सिकंदरबागेत १६ नोव्हेंबर १८५७ रोजी झालेल्या झुंजीत सुमारे दोन हजार बंडवाले शिपाई एका दिवसात मारले गेले. त्यानंतर काही महिन्यांनी फेलिचे बिआतो या छायाचित्रकाराने त्या जागेचे जे चित्र घेतले ते जगप्रसिद्ध आहे. भंगलेल्या इमारतीपुढील मोकळ्या जागेत माणसांची हाडे इतस्ततः पसरलेली त्यात दिसतात. कंपनीच्या बंगाली पलटणीतील कितीतरी शिपाई मूळचे अवधचेच. म्हणजे ज्यांची ती हाडे, त्यांतील अनेकांचे गाव तेथून काही मजलांच्या अंतरावर असेल. परंतु देह उचलून नेणारे कोणी उरले नव्हते, आणि नेऊ देणारेही कोणी नव्हते.

जिंकणाऱ्यांच्या बाजूसही घर लाभले असे नाही. सर हेन्री लॉरेन्स ४ जुलै १८५७ रोजी रेसिडेन्सीच्या वेढ्यात मरण पावले. त्यांची कबर त्याच आवारात आहे. लखनौच्या मदतीस धावून आलेले हॅवलॉक त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आजाराने गेले; ते आलमबागेत पुरले गेले. सैनिक पडतो तेथेच त्याची माती होते, हा त्या काळचा सरसकट नियम होता. जहाजाने इतक्या दूर असलेल्या देशी मृतदेह न्यावा, ही कल्पनाही कोणास शिवली नसेल.

मराठी मनास या विषयाची एक जुनी जखम आहे, आणि तिचाही धागा अवधशी गुंतलेला आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव पडले व त्यापाठोपाठ सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले. अवधचा नवाब शुजाउद्दौला त्या दिवशी अब्दालीच्या पक्षात होता. त्याच्या पदरी काशीराज शिवदेव नावाचा एक दक्षिणी ब्राह्मण होता आणि त्याने फारसीत लिहून ठेवलेला वृत्तांत हा या प्रसंगाचा मोठा आधार मानला जातो. विश्वासरावांचा देह हाती आल्यावर तो काबूलकडे नेण्याची भाषा दुराणी सैनिक बोलू लागले. तेव्हा शुजाने मध्ये पडून अब्दालीचे मन वळविले आणि त्या देहास हिंदू रीतीप्रमाणे अग्नी मिळाला. भाऊंच्या बाबतीत इतकी निश्चिती नव्हती. प्रेतांच्या राशीतून शिर नसलेले एक धड अंगावरील खुणांवरून भाऊंचे म्हणून ओळखले गेले आणि त्याचेही दहन झाले. शत्रूच्या गोटात राहून शत्रूच्या मृताची बूज राखणारा हा नवाब मराठी इतिहासात जितका स्मरला जावा तितका स्मरला जात नाही, हे मात्र खरे.

पुण्यास काय पोहोचले? केवळ वार्ता. देह नाही, अस्थी नाहीत, डोळ्यांनी पाहिलेली चिताही नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई रणावरून जिवंत परत आल्या. पती गेल्याचे त्यांनी अखेरपर्यंत मानले नाही. १७८३ मध्ये त्यांचे निधन झाले ते सौभाग्यलेणे अंगावर वागवीतच. मधल्या काळात भाऊ म्हणवून घेणारा एक इसम प्रकट झाला. तो कनोजी ब्राह्मण असल्याचे चौकशीत ठरले, तो कैदेत पडला, पुढे सुटला, आणि काही काळ किल्ले व सरदारही त्याच्या नावाने हलले. १७७६ मध्ये त्यास देहदंड झाला तेव्हाच हे ‘तोतयाचे बंड’ निमाले. एका देहाची ओळख संशयित राहिल्याने एका स्त्रीचे बावीस वर्षांचे आयुष्य अधांतरी राहिले, आणि एका राज्यास पंधरा वर्षे उपद्रव झाला. मृत सैनिकाचा देह घरी आणणे ही केवळ भावनेची बाब आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी हा प्रसंग अवश्य आठवावा. देह हा आप्तांसाठी मृत्यूचा अखेरचा पुरावा असतो.

हिंदू शास्त्राने ही अडचण पुरातन काळीच ओळखली होती. देह न मिळाल्यास पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिचे दहन करण्याचा पालाशविधी त्यासाठीच सांगितला आहे. आधुनिक कायद्यानेही सात वर्षे ज्याची खबर नाही तो मृत धरण्याची सोय केली. दोन्ही उपाय शहाणपणाचे आहेत. परंतु पानांच्या पुतळ्याने श्राद्धाचा अधिकार मिळतो, मनाची समजूत पटतेच असे नाही. आणि कायद्याच्या सात वर्षांत दारावरची प्रत्येक थाप त्या घरास दचकवते.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रश्न प्रथमच लाखांच्या हिशेबात उभा राहिला. पहिल्या महायुद्धात इंग्रज पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा नातू एप्रिल १९१५ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. घराण्याचे वजन असल्याने विशेष परवानगीने त्याचा देह ब्रिटनमध्ये नेण्यात आला. त्यावर मोठा प्रश्न निर्माण झाला: उमरावाचा नातू घरी यावा आणि गिरणीकामगाराचा मुलगा चिखलात राहावा, हे न्याय्य कसे? त्यानंतर कोणाचाच देह मायदेशी न्यावयाचा नाही असे ब्रिटिश सरकारने ठरविले. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाने सर्वांना सारख्याच आकाराचा दगड, मग तो सेनापती असो वा शिपाई, हे तत्त्व स्वीकारले. अमेरिकेने उलट मार्ग धरला. तिने कुटुंबांना विचारले, आणि सुमारे ४६ हजार देह अटलांटिक ओलांडून परत नेले. सुमारे ३० हजार युरोपातच राहिले. समतेसाठी सर्वांना दूर ठेवणे किंवा इच्छेसाठी प्रत्येकास निवड देणे, असे हे दोन विचार होते. दोहोंतही माणुसकी आहे, आणि दोहोंतही कोणाचे तरी दुःख न पुसता राहते.

हिंदी शिपायांच्या वाट्यास यातील समता तरी आली काय? जेथे लोकांचे लक्ष होते तेथे आली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन येथे जखमी हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ होते. तेथे मरण पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन गावाबाहेरील टेकाडावर झाले, त्यांच्या अस्थी समुद्रात सोडल्या गेल्या आणि त्या जागी १९२१ मध्ये संगमरवरी छत्री उभी राहिली. फ्रान्समध्ये नव्ह शापेल येथे १९२७ मध्ये उघडलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. परंतु मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, चित्र निराळे होते. कूत अल् अमाराच्या वेढ्यात १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी ते ठाणे पडले. त्या मोहिमेतील मृतांसाठी बसरा येथे जे स्मारक झाले त्यावर अधिकाऱ्यांची नावे आली; हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक केवळ संख्या आली. युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हा भेदभाव स्वतःच कबूल केला. आशिया व आफ्रिकेतील निदान १ लाख १६ हजार, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत सैनिकांचे नावाने किंवा मुळीच स्मरण झाले नाही, असे त्यात म्हटले आहे.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत. गावास ‘मिलिटरी अपशिंगे’ हे नाव पडले, सरकारने स्मरणस्तंभ उभारला. त्या ४६ घरांना मिळाले ते इतकेच: तार किंवा पत्र, निवृत्तिवेतनाचा कागद आणि पदक. देशावरील खेडोपाडी ‘तार आली’ हे शब्द उच्चारताच बायका का हंबरडा फोडत, याचे कारण या अनुभवात आहे. तारेत लिहिले काय आहे हे वाचून दाखवणारा मास्तर येईपर्यंतही कोणी थांबत नसे. तार खाते जुलै २०१३ मध्ये बंद झाले. त्या शब्दाची धास्ती जुन्या पिढीच्या मनातून गेली नाही ती नाहीच.

दुसऱ्या महायुद्धातही रीत हीच राहिली. रायगड जिल्ह्यातील माणगावच्या परिसरातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने शत्रूचे ठाणे घेऊन धारातीर्थी पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे नाव इटलीतील कासिनोच्या स्मारकावर आहे आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे. या दोहोंमधील हजारो मैलांचे अंतर त्यांच्या देहाने कधी कापले नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले तरी रणांगणाचा भूगोल बदलला नाही. पर्वतात रस्ते नव्हते, विमाने थोडी होती, आणि आघाडीवर देह टिकवून ठेवण्याची साधने नव्हती. म्हणून रणभूमीच्या जवळच सन्मानपूर्वक दहन किंवा दफन करावयाचे, आणि अस्थी व सामानाची ट्रंक घरी पाठवावयाची, असा प्रघात राहिला. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधील रेझांग ला येथे १३ कुमाऊँ पलटणीची एक कंपनी अखेरच्या गोळीपर्यंत लढली. सुमारे १२० पैकी शंभरांहून अधिक जण पडले. तीन महिने ते देह बर्फात होते. फेब्रुवारी १९६३ मध्ये शोधपथक तेथे पोहोचले तेव्हा कित्येक जवान मोर्चात शस्त्रासह गोठलेले आढळले. मेजर शैतान सिंग यांचा देह विमानाने जोधपूरकडे नेण्यात आला. त्यांच्या जवानांचे सामुदायिक दहन चुशूलच्या माळावर झाले. त्या काळाच्या मर्यादा ध्यानात घेता यात कोणाचा दोष काढणे उचित नव्हे. तरीही नायकाचा देह घरी जातो आणि अहिरवाल्याच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची मुले पठारावर राहतात, हा फरक लक्षात आल्यावाचून राहत नाही. ग्लॅडस्टनच्या नातवामुळे उठलेला प्रश्न अठ्ठेचाळीस वर्षांनी हिमालयात पुन्हा तसाच उभा होता.

१९६५ च्या युद्धातील दोन उदाहरणे या प्रघाताची दुसरी बाजू दाखवितात. पुणे घोडदळाचे, म्हणजे पूना हॉर्सचे, लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर हे मुंबईत जन्मलेले व पुण्याच्या शाळेत शिकलेले. आपण पडलो तर येथेच रणभूमीवर आपले दहन करावे, असे त्यांनी सहकाऱ्यास आधीच सांगून ठेवले होते. प्रार्थनेचे पुस्तक आईस, गळ्यातील साखळी पत्नीस, अंगठी मुलीस आणि लेखणी मुलास द्यावी, असेही सांगितले होते. १६ सप्टेंबर १९६५ रोजी ते पडले आणि सियालकोटच्या आघाडीवर जस्सोरान येथे त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना अग्नी देण्यात आला. घरी परतणे हाच सन्मान, असे प्रत्येक सैनिकास वाटतेच असे नाही. आपल्या पलटणीसोबत राहावे असेही वाटणारे असतात. दुसरे उदाहरण अब्दुल हमीद यांचे. पूर्व उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्याच्या या हवालदाराची कबर पंजाबात असल उत्तर गावाजवळ, जेथे त्यांनी रणगाडे फोडले त्याच शेतांच्या कडेला आहे. गाव त्यांचे नाही, पण कबरीची देखभाल आणि दरवर्षीचे स्मरण तेथे चालते.

हा प्रघात निश्चितपणे पालटला तो १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या लढाईत. प्रत्येक मृत सैनिकाचा देह, मग तो कोणत्याही हुद्द्याचा असो, सरकारी खर्चाने त्याच्या गावी पोहोचवावयाचा, असा निर्णय झाला आणि तो अमलात आला. या लढाईत ५२७ सैनिक कामी आले. निर्णयामागे करुणा होती तशी परिस्थितीही होती. युद्ध एका मर्यादित पट्ट्यात चालले होते, श्रीनगर व लेह येथून विमाने उडत होती, आणि दूरचित्रवाणीमुळे प्रथमच सारा देश रणभूमीकडे रोज संध्याकाळी पाहत होता. पूर्वी ज्या गावी तार येई त्या गावी आता तिरंग्यात गुंडाळलेली पेटी येऊ लागली. युद्ध म्हणजे काय, हे ज्यांनी कधी पाहिले नव्हते त्या खेड्यांनी ते आपल्या वेशीवर पाहिले.

लखनौच्या वाट्यास त्या उन्हाळ्यात अशा पेट्या अनेकदा आल्या. ११ गुरखा रायफल्सचे केंद्र लखनौच्या छावणीत आहे आणि त्या रेजिमेंटची पहिली पलटण बटालिक विभागात लढत होती. तिचे कॅप्टन मनोजकुमार पांडे हे मूळचे सीतापूर जिल्ह्यातील रूढा गावचे, लखनौच्या सैनिकी शाळेचे विद्यार्थी. ३ जुलै १९९९ च्या रात्री खालूबारच्या कड्यावर शत्रूचे मोर्चे एकामागून एक घेत असता वयाच्या चोविसाव्या वर्षी ते पडले. त्यांचा देह लखनौस आणण्यात आला. १८५७ मध्ये याच सुमारास लॉरेन्स रेसिडेन्सीत अखेरचे श्वास घेत होते. त्यांचे शव नदीपार नेणेही शक्य नव्हते. खालूबारचा कडा लखनौपासून कितीतरी दूर, पण तेथला मुलगा आपल्या शहरी परत आला. परमवीर चक्र पुढे प्रजासत्ताक दिनी त्यांच्या वडिलांनी स्वीकारले, आणि त्यांच्या शाळेस आता त्यांचे नाव आहे.

कागदावरचा निर्णय एका ओळीचा असतो; कड्यावरून देह खाली आणणे हे काम त्याहून फार कठीण. सोळा-सतरा हजार फुटांवर श्वास पुरत नाही तेथे निर्जीव देहाचे वजन चौघांनाही जड होते. उतार शत्रूच्या नजरेखाली असला तर दिवसा हालचालच अशक्य. रात्री दोरांनी बांधून, सरपटत, मित्राचा देह मित्रच आणतात. तोलोलिंगच्या चढावर मे महिन्याच्या अखेरीस पडलेले मेजर राजेश अधिकारी यांचा देह शिखराच्या लढाईचा निकाल लागू लागेपर्यंत बरेच दिवस तेथेच होता. अशा वेळी नायकापुढे जो प्रश्न असतो त्यास कोणत्याही नियमपुस्तकात उत्तर नाही: मृतासाठी जिवंतांचे किती प्राण पणास लावावेत? ‘कोणासही मागे सोडणार नाही’ हा विश्वास पलटणीस लढवतो; पण तो विश्वास पाळताना आणखी एखादे घर उजाड होण्याचा धोका असतो.

देह खाली आल्यावरचा क्रम साधारण ठरलेला आहे. प्रथम ओळख. सैनिकाच्या गळ्यात क्रमांक, नाव व रक्तगट कोरलेल्या धातूच्या चकत्या असतात. या चकत्यांची कथा जुनी आहे. ब्रिटिश सैन्यात १९०७ पासून एकच चकती असे. मृत्यूची नोंद करण्यासाठी ती काढून घेतली की देह निनावी उरे, आणि पुढे कबर खणणाऱ्यास ओळखीचा आधारच राहत नसे. १९१६ मध्ये दोन चकत्यांची पद्धत आली. एक देहासोबत राहते, दुसरी काढून नोंदीसाठी नेतात. एवढ्या साध्या सुधारणेने किती पार्वतीबाईंची तगमग वाचली असेल! त्यानंतर लष्करी इस्पितळात वैद्यकीय तपासणी व शवविच्छेदन होते. देह टिकावा म्हणून रक्तवाहिन्यांतून फॉर्मेलिनयुक्त द्रव भरतात. जखमा मोठ्या असतील तर देह बांधून घेतात. प्रसंगी चेहरा दाखवू नये असाही सल्ला देतात. हा सल्ला दयेपोटी असतो, पण घरच्यांना तो सर्वांत कठोर वाटतो, कारण त्यांना नेमके तेच पाहावयाचे असते.

मग देह पेटीत ठेवतात. या पेट्यांनी पुढे मोठा वाद निर्माण केला. कारगिलच्या काळात हलक्या ॲल्युमिनियमच्या ५०० पेट्या प्रत्येकी अडीच हजार डॉलर दराने एका अमेरिकन कंपनीकडून मागविण्यात आल्या. आलेल्या पहिल्या १५० पेट्या १८ किलोऐवजी ५५ किलो वजनाच्या निघाल्या आणि त्या नाकारण्यात आल्या. २००१ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने हे प्रकरण संसदेत गाजले, तपास झाला, आणि २०१३ मध्ये विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींना मुक्त केले. राजकारणाच्या गदारोळात एक लहानशी गोष्ट झाकली गेली: पेटीचे वजन ही हिशेबाची बाब नव्हे. हेलिकॉप्टर उंचीवर मोजकेच वजन उचलू शकते, आणि गावच्या शेवटच्या पाणंदीत ती पेटी माणसांच्या खांद्यांवरच जाते.

विमान बहुधा दिल्लीस येते. पालमच्या विमानतळावर पुष्पचक्रे वाहिली जातात आणि तेथून देह घराजवळच्या विमानतळाकडे निघतो. लखनौच्या बाबतीत अमौसी, आणि तेथून छावणीतील लष्करी इस्पितळ. मध्य कमानाचे मुख्यालय १९६३ पासून लखनौस असल्याने भोवतालच्या कितीतरी जिल्ह्यांचे सैनिक याच मार्गाने जातात. पलटणीतील एक सहकारी वाटभर सोबत असतो. पेटी उतरविणे व सह्या घेणे हे त्याचे काम कागदोपत्री. खरे काम पुढचे असते. आई विचारते, ‘शेवटी काही बोलला का?’ आणि त्याला उत्तर द्यावे लागते.

ध्वजासंबंधीचे नियम स्पष्ट आहेत. शवपेटीवर तिरंगा घालताना केशरी पट्टा मस्तकाकडे असावा लागतो. ध्वज कबरीत उतरवावयाचा नाही आणि चितेवर जाळावयाचा नाही. तो आधी काढून घडी करून आप्तांच्या हाती देतात. मग शस्त्रे उलटी धरली जातात, हवेत फैरी झडतात आणि बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजते. महानगरातल्या घरांतून कवायतीचा बिगुल रोज ऐकू येतो; हे सूर निराळे आहेत.

महाराष्ट्रात हे दृश्य आता सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांस सरावाचे झाले आहे, हे म्हणणे क्लेशदायक असले तरी खरे आहे. ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात पडले आणि दोन दिवसांनी सातारा तालुक्यातील पोगरवाडीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. काश्मीरच्या जंगलापासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंतचा प्रवास दोन दिवसांत! त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. अशा प्रसंगी लोटणारी गर्दी, घोषणा, पुढाऱ्यांची पुष्पचक्रे आणि छायाचित्रकारांची धावपळ यांविषयी दोन मते संभवतात. गावास आपला माणूस सर्वांचा वाटतो, यात काही वावगे नाही. परंतु घरच्या माणसांना पेटीपाशी निवांत बसण्यास अर्धा तासही मिळू नये, इतकी घाई आणि इतका गलका असू नये.

११ गुरखा रायफल्ससारख्या पलटणींत नेपाळचे नागरिकही भरती होत असत. त्यांच्या बाबतीत हा प्रवास सीमेपाशी संपत नाही. गोरखपूरजवळच्या कुनराघाट येथील गुरखा भरती केंद्र आणि काठमांडू, पोखरा व धरान येथील भारतीय निवृत्तिवेतन कचेऱ्या, या साखळीच्या आधाराने त्यांच्या घरांशी संबंध राखला जातो. लढावयाचे एका राष्ट्रासाठी आणि परतावयाचे दुसऱ्या राष्ट्राच्या डोंगरात, असा हा जगावेगळा करार आहे.

शत्रूच्या मृतांचे काय, हाही प्रश्न याच विषयात येतो. १९४९ च्या जीनिव्हा करारान्वये दोन्ही पक्षांनी मृतांची ओळख नोंदवावी, धर्माप्रमाणे अंत्यविधी करावा, कबरींवर खूण ठेवावी. कारगिलमध्ये पाकिस्तानने आपल्या कित्येक सैनिकांचे देह स्वीकारण्यास नकार दिला. तेव्हा भारतीय जवानांनी पर्वतावरच इस्लामी रीतीने त्यांचे दफन केले. कॅप्टन कर्नल शेर खान यांचा देह मात्र परत गेला. त्यांच्या शौर्याची साक्ष देणारी चिठ्ठी भारतीय ब्रिगेडिअरने त्यांच्या खिशात ठेवली होती, आणि पुढे त्यांना पाकिस्तानचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात १९७१ मध्ये पडलेला शिपाई हमीदुर रहमान त्रिपुरातील एका खेड्यात पुरला गेला होता. छत्तीस वर्षांनी, डिसेंबर २००७ मध्ये, त्याचे अवशेष ढाक्यास नेऊन सन्मानाने पुन्हा पुरण्यात आले. त्याच युद्धात आगरतळ्याच्या आघाडीवर पडलेले झारखंडचे अल्बर्ट एक्का आजही त्रिपुराच्या मातीत आहेत.

निसर्ग मध्ये आला की सरकारी निर्णयही हतबल होतो. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनवर सुमारे १९,६०० फूट उंचीच्या एका ठाण्यावर हिमकडा कोसळला आणि दहा जण गाडले गेले. धारवाड जिल्ह्यातील हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि पुढे दिल्लीच्या इस्पितळात निवर्तले. उरलेल्या नऊंत साताऱ्याच्या माण तालुक्यातील एक तरुण होता. देह सापडूनही हवामान उघडेना; हेलिकॉप्टर चढेना. दिल्लीस ते पोहोचले तेव्हा १५ तारीख उजाडली होती. दुष्काळी माणदेशातले ते गाव बारा दिवस बर्फ वितळण्याची नव्हे, आभाळ निवळण्याची वाट पाहत होते.

त्याहून लांबलेली वाट १९ कुमाऊँच्या लान्सनायक चंद्रशेखर हरबोला यांची. २९ मे १९८४ रोजी ते सियाचेनवर हिमकड्याखाली सापडले. ऑगस्ट २०२२ मध्ये, अडतीस वर्षांनी, एका जुन्या खंदकात त्यांचे अवशेष मिळाले. सोबत सैन्यक्रमांक कोरलेली धातूची चकती होती. हलद्वानीस त्यांचे दहन झाले. आणि ७ फेब्रुवारी १९६८ रोजी १०२ जणांना घेऊन रोहतांगच्या परिसरात बेपत्ता झालेले हवाईदलाचे विमान तर अद्याप पुरते परतलेले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ढाका हिमनदीत आणखी चार देह मिळाले. काहींची ओळख खिशातील कागदांवरून पटली. त्यांतील एक केरळातील खेड्याचा. त्याला छप्पन्न वर्षांनी गावच्या चर्चच्या आवारात जागा मिळाली. त्या विमानातील केवळ नऊ जण तोवर सापडले होते.